शेळीची बातमी

बीड जिल्ह्यातल्या एका लहान गावात जिल्हा परिषदेची दोनशिक्षकी शाळा होती. २०१५ साली ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’चा शासन निर्णय निघाला, जिकडेतिकडे तंत्रस्नेही शिक्षकांची चर्चा सुरू झाली, आणि तिथल्या गुरुजींनीही शाळेचा ब्लॉग काढला. त्यावर शासन निर्णय, नमुना अर्ज, चाचण्यांच्या पीडीएफ असं सगळं चढवलं. शिक्षण परिषदेत साहेबांनी तो पडद्यावर दाखवला. टाळ्या झाल्या. शाळेतल्या मुलांनी मात्र तो कधी पाहिला नव्हता. पाहून करायचं तरी काय? अर्ज थोडेच भरायचे होते!

दिवाळी सरली. आगाऊ पैशांची उचल घेतलेल्या टोळ्या ऊसतोडीला निघाल्या आणि चौथीचा निम्मा वर्ग ट्रॅक्टरमागच्या ट्रॉलीत बसून कोल्हापूरकडे गेला. त्यात वर्गात सगळ्यांत खणखणीत वाचणारी एक मुलगी होती.

एके सकाळी तिच्या शेजारी बसणारा मुलगा म्हणाला, “गुरुजी, आमची शेळी व्याली. हे तिला तिकडे कसं कळवायचं?”

“लिही,” गुरुजी म्हणाले.

त्याने पाटीवर लिहिलं, ‘शेळीला दोन करडं झाली. एक काळं, एक बांडं. काळ्याला तुझं नाव ठेवलंय. राग मानू नको.’

गुरुजींनी ते जसंच्या तसं ब्लॉगवर टाकलं आणि दुवा तिच्या टोळीच्या मुकादमाच्या फोनवर धाडला. उसाच्या फडावर रेंज जेमतेम. फोटो उघडत नसत, अक्षरं तेवढी उमटत. संध्याकाळी कोपीपुढे बसून मुलीने बातमी मोठ्याने वाचली. दुसऱ्या टोळ्यांची पोरंही ऐकायला जमली. रात्री मुकादमाच्या फोनवरून तिचा आवाज आला, “काळ्याचं नाव बदल.”

मग रोज कोणी ना कोणी लिहू लागलं. जुने अर्ज खाली खाली सरकत गेले. मुलगीही फडावरचं सांगू लागली. मोळी कशी बांधतात, गाडी भरायला रात्री कधी उठावं लागतं, नवरा-बायकोच्या जोडीला ‘कोयता’ का म्हणतात. मुलं तिचं बोलणं ऐकून लिहून काढत, गुरुजी ते ब्लॉगवर टाकत.

तिने एकदा टनाचा भाव कळवला. गुरुजींनी फळ्यावर गणित मांडलं: एका कोयत्याची उचल फिटायला किती टन ऊस तोडावा लागेल? मुलांनी भागाकार केला. शेळीवाल्याने हात वर केला.

“गुरुजी, उत्तर चुकलं. एवढा ऊस दोन माणसं कशी तोडतील?”

गुरुजींनी पुन्हा भागाकार करून पाहिला. उत्तर बरोबर होतं.

ब्लॉग पहिल्यापासून तोच होता. आधी तो साहेबांना दाखवायला होता, तेव्हा त्यात कागद साचले. पलीकडे वाट पाहणारं एक माणूस मिळालं, आणि मुलांना लिहायला कारण मिळालं. पुढच्या शिक्षण परिषदेत गुरुजींनी एवढंच सांगितलं. या वेळी टाळ्या जरा कमी पडल्या.

एप्रिलमध्ये टोळी परतली. मुलीचं वाचन कुठेही अडलं नव्हतं. भागाकार मात्र मागे पडला होता. तो काही ब्लॉगने भरून निघाला नाही. गुरुजींनी मे महिन्यात शाळेच्या ओट्यावर बसून तो शिकवला.