भीड आणि विश्वास

विश्वास ठेवणे हा सद्गुण आणि ज्याच्यावर विश्वास ठेवला त्याला प्रश्न विचारणे हा त्याचा अपमान, अशी आपल्या जुन्या घराण्यांत एक समजूत आहे. ती तपासून पाहण्याची वेळ माझ्यावर निवृत्तीनंतर आली.

सांबऱ्यास परतलो तेव्हा निवृत्तीची रक्कम हाती होती. नात्यातील एक विमा प्रतिनिधी घरी आले. चहापाणी झाले, ख्यालीखुशाली झाली आणि मी भिडेखातर सही केली. पुढे ध्यानात आले की, हप्ता दहा वर्षे भरावयाचा होता, तोही पगार थांबलेल्या माणसाने! दोष त्यांचा एकट्यांचा नव्हता. 'यात तुम्हांला काय मिळते?' एवढे मीही विचारले नव्हते.

वास्तविक माझी उभी नोकरी लेखापरीक्षणाच्या धाकात गेली. परीक्षक येत, पावती न् पावती तपासत. त्यात मला कधी अविश्वास दिसला नाही. मग घरच्या पैशाबाबतच संकोच का? भीड ही भिकेची बहीण, असे आपले पूर्वज उगाच म्हणत नव्हते.

विमा प्रतिनिधीस अथवा म्युच्युअल फंडाच्या वितरकास दलाली कंपनीकडून मिळते. ती गैर नव्हे. मात्र तिची आपणांस माहिती हवी. 'सेबी'ने २०१३ साली गुंतवणूक सल्लागारांसाठी नियम केले. नोंदणीकृत सल्लागाराने सल्ल्याचा मोबदला ग्राहकाकडूनच घ्यावा, स्वतःचे हितसंबंध उघड करावेत आणि ग्राहकाची जोखीम पेलण्याची कुवत आधी जोखावी, असे त्यांत बंधन आहे. म्हणून नोंदणी क्रमांक पाहावा, शुल्क लेखी ठरवावे. असे विचारल्याने प्रामाणिक सल्लागार दुखावत नाही.

तथापि एक भार कोणावरही सोपविता येत नाही. रक्कम कशी राखावी, हे सल्लागार सांगेल. ती कोणासाठी राखावयाची आणि किती पुरे म्हणावयाचे, हे आपणच ठरवावयाचे. आम्ही उभयतांनी औषधपाणी, घराची डागडुजी, मुलांसाठी ठेवावयाचे आणि देवधर्म असे चार रकाने एका कागदावर मांडले व तो कागद घेऊनच शुल्क घेणाऱ्या सल्लागाराकडे गेलो.

ते नातलग आजही येतात. परवा त्यांनाही मी तोच जुना प्रश्न विचारला. क्षणभर थांबून त्यांनी दलालीचा आकडा सांगितला आणि चहाचा पेला पुढे ओढला. नाते तुटले नाही.