समेवर फुटणारा गोळा

संगीतावर बेतलेल्या आतषबाजीच्या स्पर्धेत दारू किती उडाली याला फारसे महत्त्व नसते. कोणता गोळा कोणत्या क्षणी फुटला, हे पाहिले जाते. प्रत्येक संघाला ठरावीक वेळ मिळतो, संगीत आधीच ध्वनिमुद्रित केलेले असते आणि परीक्षक रंग, रचना, नावीन्य यांच्याबरोबर सुरांशी साधलेला मेळही तपासतात. फ्रान्समधल्या कान शहरात १९६७ पासून आणि कॅनडातल्या माँट्रिअलमध्ये १९८५ पासून अशा स्पर्धा होत आल्या आहेत.

वाद्ये आणि दारूकाम एकाच जागी आणण्याची हौस त्याहून खूप जुनी आहे. मेळ मात्र अलीकडचा. १७४९ च्या एप्रिलमध्ये लंडनच्या ग्रीन पार्कमध्ये शाही आतषबाजी झाली आणि तिच्यासाठी हँडेलने खास संगीत रचले. ते वाजले, दारूही उडाली, पण दोन्ही आपापल्या वाटेने गेली. त्यात दारूकामासाठी उभारलेल्या लाकडी मंडपाच्या एका बाजूला आग लागली. पुढे टिकले ते संगीत.

मराठी मुलखातल्या दारूकामाची घडण वेगळी होती. एकनाथांच्या रुक्मिणीस्वयंवरात लग्नाच्या वर्णनात दारूकाम येते, म्हणजे सोळाव्या शतकात ते श्रोत्यांच्या ओळखीचे होते. पेशव्यांच्या बखरीत त्याहून रंगतदार हकिगत आहे. कोट्याच्या राजाकडे दिवाळीत ‘दारूची लंका’ उडते, हनुमानाच्या शेपटीला बत्ती दिली की तो लंकेतली घरे पेटवत जातो, असे महादजी शिंद्यांनी सवाई माधवरावांना सांगितले. या तरुण पेशव्याने तसाच खेळ पुण्यात करायला लावला आणि तो पर्वतीच्या पायथ्याशी झाला. भांडारकर प्राच्यविद्या संस्थेचे प. कृ. गोडे यांनी भारतातल्या दारूकामाच्या इतिहासावरील आपल्या निबंधात या नोंदी एकत्र केल्या आहेत. सांगली जिल्ह्यात तासगाव तालुक्यातल्या कवठेएकंदला दसऱ्याच्या रात्री सिद्धराजाच्या पालखीपुढे आजही औट, शिंगटे, चक्रे असे दारूकामाचे प्रकार उडतात. तिथे मंडळामंडळांत चढाओढ असते, फक्त तिला गुणपत्रिका नसते. या परंपरेत प्रसंग आहे, आकृती आहे, हातचे कसब आहे. वाद्येही वाजतात, पण कोणताही औट तालाला बांधलेला नसतो. बत्ती हाताने द्यायची म्हटल्यावर तो बांधता येणारही नाही.

विजेच्या ठिणगीने पेटणारी वात आणि संगणक आल्यावर हे बदलले. गोळ्याच्या व्यासाच्या प्रत्येक इंचाला सुमारे १०० फूट उंची, असा ढोबळ हिशेब असतो. ३ इंची गोळा ३०० फुटांवर साधारण अडीच-तीन सेकंदांत फुटतो, तर ६ इंची गोळ्याला ६०० फुटांवर जायला चार-पाच सेकंद लागतात. दोघांनी एकाच ठोक्यावर फुटायचे असेल तर मोठ्याला आधी सोडावे लागते. म्हणून रचनाकार स्फोटाच्या क्षणापासून मागे मोजत प्रत्येक नळकांड्याची वेळ ठरवतो. वादकाने ऐन वेळी लय जराशी ओढली तर सारा हिशेब कोसळतो. ध्वनिमुद्रणाचा आग्रह धरला जातो तो यासाठीच.

मेळ म्हणजे प्रत्येक ठोक्याला एक स्फोट, ही समजूत मात्र कच्ची आहे. तालाची जाण असलेल्या श्रोत्याला समेची चाहूल आधीच लागते आणि सुख त्या वाट पाहण्यातही असते. ठिणग्यांची शेपटी घेऊन चढणारा गोळा ही चाहूल डोळ्यांना देतो. शेपटी नसलेला गोळा अवचित फुटून दचकवतो. विलंबित आलापीला विलोच्या फांद्यांसारखे सोनेरी धागे सोडत सावकाश विझणारे गोळे शोभतात, तर द्रुत तबल्याला लुकलुकणारे पांढरे कण. शेवटच्या मिनिटात शिल्लक सारी दारू एकदम उडवायची चाल जगभर आहे आणि टाळ्याही तिलाच मिळतात. खरे तर तिथे संगीत ऐकूच येत नाही, त्यामुळे मेळाच्या स्पर्धेत तो भाग सर्वांत दुबळा मानायला हवा.

ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. गोळे सोडणारा तराफा पाण्यात ३०० मीटरवर असेल तर प्रकाश लगेच दिसतो आणि आवाज जवळजवळ एका सेकंदाने पोहोचतो. ध्वनिवर्धक प्रेक्षकांच्या जवळ असतात, म्हणून सुरांशी जुळवायचा तो प्रकाश. धमाका मागून बेताल येणारच. मुंबईच्या गेटवेजवळ काही उडाले आणि ते खाडीपलीकडच्या मांडव्याच्या धक्क्यावरून पाहिले, तर तेरा-चौदा किलोमीटर अंतरामुळे आवाज यायला ४० सेकंद लागतील, ऐकू आलाच तर.

मांडवा ज्यात येतो त्या रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर अशी स्पर्धा भरवायची तर पंचांग आधी पाहावे लागेल. अलिबागची पुळण इतकी उथळ आहे की ओहोटीला लोक कुलाबा किल्ल्यात चालत जातात. जवळ नांगरलेला तराफा त्या वेळी वाळूत बसेल. कोकणात तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. अमावास्येला काळोख हवा तसा असतो, पण भरती सव्वाअकराच्या सुमारास, म्हणजे संध्याकाळी पाणी दूर गेलेले. दशमीला मात्र भरती साडेसातला येते. शुद्ध दशमीला, म्हणजे दसऱ्यालाही, पाणी असते, पण चंद्रही वर असतो. वद्य दशमीला चंद्र मध्यरात्रीनंतर उगवतो. काळोख आणि पाणी दोन्ही हवे असेल तर तीच तिथी बरी.

वाऱ्याचा प्रश्न तिथीने सुटत नाही. दिवसाचा खारा वारा समुद्राकडून येतो आणि धूर प्रेक्षकांवर आणतो. रात्र चढल्यावर जमिनीकडून मतलई सुटते आणि धूर समुद्राकडे नेते. मधल्या पडलेल्या हवेत धूर जागच्या जागी राहतो आणि पुढचे गोळे त्याच्याआड फुटतात. नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ आवाजाचे फटाके उडवता येत नाहीत, म्हणजे मतलईची वाट पाहत बसायला मुभा नाही. यावर उपाय संगीतातच आहे. रचनेत मोकळ्या जागा ठेवल्या, दारूचे प्रमाण कमी केले, तर धूर विरायला वेळ मिळतो आणि कानालाही. विश्रांतीला स्वतंत्र गुण देणारी स्पर्धा अधिक चांगली आतषबाजी घडवील, असे मानायला पुरेसे कारण आहे.

रंगांवरही बंधन आहे. लाल रंग स्ट्रॉन्शियमचा, पिवळा सोडियमचा, हिरवा बेरियमचा. तांब्याचा निळा सर्वांत अवघड, कारण ज्योत जास्त तापली की तो फिका पडतो. सर्वोच्च न्यायालयाने फटाक्यांत बेरियमच्या क्षारांना मनाई केली आहे. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने पुढाकार घेऊन घडवलेल्या ‘हरित’ फटाक्यांच्या देशात हिरवा रंगच अडचणीत यावा, हा गमतीचा भाग. पण क्लोरेटचे मिश्रण येण्याआधीचे दारूकाम बहुतेक सोनेरी आणि पांढरेच होते. पर्वतीची लंकाही तशीच जळली असणार, आणि तिचे काही अडले नाही.

सगळा किनारा सारखाही नाही. दिवेआगर, हरिहरेश्वर भागात हिवाळ्यापासून ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात आणि पिल्ले उजेडाच्या रोखाने चालतात. तिथे हा खेळ नकोच. अलिबागलाही हिशेब शेवटच्या गोळ्याने संपत नाही. साडेसातच्या भरतीनंतर ओहोटी लागते, गोळ्यांचे पुठ्ठे तिच्याबरोबर बाहेर जातात आणि सकाळी आठच्या सुमाराच्या भरतीला आक्षी-नागावच्या पुळणीवर लागू शकतात. तराफ्याच्या खालच्या अंगाला कोळ्यांच्या होड्या आणि जाळी रात्रीच लावावी लागतील, त्यांची मजुरी संघांच्या खर्चात धरावी लागेल, आणि न फुटलेले गोळे शोधून होईपर्यंत तराफ्याजवळ कोणालाही जाऊ देता येणार नाही.