ओढणारा आणि उभा राहणारा

रायपूरच्या समता कॉलोनीत महिन्यातून एका शनिवारी आम्ही काही मराठी ख्रिस्ती कुटुंबे प्रार्थनेसाठी एकत्र जमतो. कोणी नागपूरहून नोकरीनिमित्त आलेले, कोणाचे आजोबा रेल्वेत असताना येथे स्थायिक झालेले. रविवारची उपासना हिंदी मंडळीत होते. परंतु महिन्यातून एकदा तरी मायबोलीत गीत गावे, शास्त्रपाठ वाचावा, या ओढीने सारे येतात. प्रार्थनेनंतर चहा होतो आणि चहाबरोबर सुखदुःखाच्या गोष्टी.

गेल्या वर्षी पावसाळा सरता सरता अशाच एका बैठकीत एक नाजूक विषय निघाला. आमच्यातील एका विधवा भगिनीच्या मुलीला नर्सिंग कॉलेजात प्रवेश मिळाला होता. पहिल्या वर्षाची फी आपण सर्वांनी मिळून भरावी, असे कोणीतरी सुचविले. आमच्यात धनवान असा कोणीच नाही. दोघे निवृत्त शिक्षक, एक रुग्णालयातील कर्मचारी, एक छोटा दुकानदार, अशी ही मंडळी. तरीही सर्वांनी होकार दिला. त्या बाईंनी मात्र हात जोडून नकार दिला. त्या म्हणाल्या, "माझी मुलगी स्वतःच्या पायांवर उभी राहील. उद्या कोणी तिला 'आम्ही तुला उभे केले' असे म्हणायला नको." खोलीत शांतता पसरली. एका वडीलधाऱ्या गृहस्थांना त्यांचा स्वाभिमान आवडला. दुसऱ्यांना वाटले की प्रेमाने पुढे केलेला हात झिडकारला गेला. तिसरे हलक्या आवाजात म्हणाले, "आपलेच बळ ते किती! आपण कोणाला ओढून नेणार?"

विषय तेथेच थांबला. वातावरण हलके करावे म्हणून मुलांनी माझ्या भाच्याला छेडले. तो सुटीत आला होता आणि त्याच्या तळहातांवर फोड आले होते. आदल्याच आठवड्यात मित्रांबरोबर एका जलाशयावर तो वॉटर स्कीइंग करून आला होता. पायांना लांब फळ्या बांधून, मोटारबोटीला बांधलेला दोर धरून पाण्यावरून उभ्याने घसरत जाण्याचा हा खेळ. धमतरीजवळ महानदीवरील गंगरेल धरणात बोटीत बसून फेरी मारण्यापलीकडे आमच्यापैकी कोणाची मजल गेलेली नव्हती; त्यामुळे सारे कुतूहलाने ऐकू लागले. "मामा, बोट अगदी लहान होती," तो म्हणाला, "इंजिन चाळीसच अश्वशक्तीचे. चार वेळा पाण्यात पडलो, पाचव्या वेळी उभा राहिलो." त्यावर एका मुलाने हसत विचारले, "म्हणजे तू उभा राहिलास, की बोटीने तुला उभे केले?"

सारे हसले. पण तो प्रश्न माझ्या मनातून गेला नाही. काही क्षणांपूर्वी ती माता जे बोलली, तोच हा प्रश्न होता. दुसऱ्याच्या बळाने उभा राहिलेला मनुष्य खरोखर उभा असतो काय?

भाच्याने सांगितले ते असे. आरंभी खेळाडू पाण्यातच असतो. गुडघे छातीशी घेतलेले, फळ्यांची टोके पाण्याबाहेर, दोन्ही हात सरळ, मुठीत दोराची दांडी. बोट पुढे निघते तेव्हा सारे पाणी अंगावर येते. याच क्षणी विरोध सर्वांत अधिक असतो. वेग वाढला की फळ्या पाण्याच्या पृष्ठभागावर येतात, विरोध एकदम कमी होतो आणि मग पूर्वीपेक्षा थोडक्या बळावर मनुष्य पुढे जात राहतो. खरी कठीण वेळ असते ती पहिल्या काही क्षणांची. बलाढ्य इंजिन असेल तर ते नवशिक्यालाही त्याच्या चुकांसकट पाण्याबाहेर खेचून काढते. लहान इंजिनाला ते जमत नाही. तेथे प्रत्येकाला आपापले काम चोख करावे लागते.

खेळाडूचे काम कोणते? घाई न करणे. पाणी अंगावर आले की नवशिका घाबरून दांडी छातीकडे खेचतो, किंवा वेग येण्यापूर्वीच ताठ उभा राहू पाहतो. दोन्ही वेळा तो बुडतो. हात सरळ ठेवून, वाकून बसून, बोटीला आपले काम करू देणे हेच त्याचे काम असते. आणि हे "काहीच न करणे" नव्हे. पोट, पाठ, मांड्या, बोटे या साऱ्यांची त्यात कसोटी लागते. भाच्याच्या तळहातांवरचे फोड याची साक्ष देत होते.

बोटवाल्यांनाही शिस्त असते. इंजिन लहान असले तर बोटीत अनावश्यक माणसे बसवायची नाहीत. खेळाडूला अधिक रुंद फळ्या द्यायच्या, म्हणजे तो कमी वेगातही वर येतो. शक्य तर उथळ पाण्यातून सुरुवात करायची. दोर ताणला जाईपर्यंत हळू जायचे, मग एकसारखा वेग वाढवीत सरळ न्यायचे. हिसका द्यायचा नाही. चालकाची दृष्टी पुढे असते, म्हणून मागे पाहणारा आणखी एक जण बोटीत असावा लागतो. पाण्यातला मनुष्य अंगठा वर करतो तेव्हा वेग वाढवायचा, खाली करतो तेव्हा कमी करायचा. हे ऐकून मी थबकलो. वेग किती हवा हे ओढणारा ठरवीत नाही. ज्याला ओढले जात आहे तो ठरवितो.

या खेळाचा आरंभही अशाच बेताच्या सामर्थ्यातून झाला. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातील लेक सिटी या गावी राल्फ सॅम्युएल्सन नावाचा एक तरुण राहत होता. बर्फावरून घसरता येते तर पाण्यावरून का नाही, असे त्याच्या मनात आले. प्रथम त्याने पिंपाच्या फळ्या वापरून पाहिल्या, मग बर्फावरच्या फळ्या. दोन्ही निष्फळ ठरल्या. अखेर सुमारे आठ फूट लांब व नऊ इंच रुंद अशा लाकडी फळ्या घेऊन त्याने त्यांची टोके उकळत्या पाण्यात मऊ करून वर वळविली. त्याचा भाऊ बेन बोट चालवी. तिला ट्रकचे जुने इंजिन बसविलेले होते. कित्येकदा पडून झाल्यावर त्याला उमगले की मागे रेलून टोके पाण्याबाहेर ठेवली पाहिजेत. २ जुलै १९२२ रोजी, एकोणिसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, लेक पेपिनच्या पाण्यावर तो उभा राहिला. आज त्याला या खेळाचा जनक म्हणतात. त्याचे ते श्रेय खोटे नाही. पण बेनने सुकाणू धरले नसते तर तो किनाऱ्यावरच उभा राहिला असता, हेही तितकेच खरे.

प्रिय वाचकहो, गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात प्रेषित पौल दुसऱ्या वचनात सांगतो की आपण परस्परांचे भार उचलावेत. आणि पाचव्या वचनात म्हणतो की ज्याने त्याने स्वतःचा भार स्वतः वाहावा. या दोन वचनांत विसंगती आहे असे अनेकांना वाटते. परंतु मूळ ग्रीकमध्ये तेथे दोन निराळे शब्द आहेत. पहिला, 'बारोस', म्हणजे मनुष्याला चिरडून टाकणारे वजन. दुसरा, 'फोर्तिओन', म्हणजे प्रत्येकाची आपली शिदोरीची गाठोडी. पाण्यात बसलेल्या मनुष्याला जे पाणी दाबून धरते, ते एकट्याने दूर सारण्याचे ओझे नव्हे. तेथे दुसऱ्याचे बळ लागते. परंतु आपले शरीर आपल्याच पायांवर तोलणे, आपली मूठ घट्ट ठेवणे, हे त्याच्यासाठी दुसरा कोणी करू शकत नाही. एकाच क्षणी दोन्ही भार वाहिले जातात, आणि म्हणूनच दोन्ही वचने खरी ठरतात. तेव्हा "तू उभा राहिलास की बोटीने उभे केले?" या प्रश्नाचे उत्तर असे, की दोघांनी आपापला भार वाहिला.

आपल्या मंडळीला हा प्रश्न नवा नाही. समता कॉलोनीतून गंगरेलला जाणारा रस्ता धमतरीवरून जातो. १८९९ साली, दुष्काळाच्या दिवसांत, तेथे अमेरिकन मेनोनाइट मिशनचे कार्य सुरू झाले. त्याआधी, १८९६-९७ च्या दुष्काळात, पंडिता रमाबाई मध्य प्रांतात आल्या आणि उपाशी, निराधार मुली व विधवांना आपल्याबरोबर घेऊन गेल्या. आपल्यापैकी कित्येकांच्या घराण्यांचा इतिहास अशाच एखाद्या दोराशी येऊन थांबतो. "तुम्हाला परक्यांनी उभे केले," असे आपल्याला ऐकविले जाते, आणि ते ऐकून आपण कधी रागावतो, कधी मान खाली घालतो.

रमाबाईंचे चरित्र पाहिले तर यापैकी कशाचीही गरज वाटत नाही. त्यांचे आईवडील दुष्काळात गेले. विवाहानंतर दोन वर्षांच्या आत, १८८२ साली, त्या विधवा झाल्या. १८८७ साली बोस्टन येथे स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनने दहा वर्षे साहाय्य करण्याचे वचन दिले. त्या आधारावर १८८९ साली मुंबईत शारदा सदन सुरू झाले. म्हणजे त्यांनी स्वतः दुसऱ्यांच्या हातून दोर स्वीकारला होता. त्याची त्यांनी लाज बाळगली नाही, आणि त्या नुसत्या दोराला धरूनही राहिल्या नाहीत. केडगावच्या मुक्ति सदनात आलेल्या स्त्रिया शेती करू लागल्या, माग चालवू लागल्या, छापखान्यात खिळे जुळवू लागल्या. रमाबाईंनी केलेले बायबलचे मराठी भाषांतर तेथील स्त्रियांच्याच हातांनी छापले गेले. जिला काल ओढून वर काढले, तिने आपल्या पायांवर शरीर तोलले आणि पुढे दुसरीला हात दिला.

येथपर्यंत माझा विचार आला, तेव्हा मला वाटले की त्या मातेचा नकार ही तिची चूक होती. काही दिवसांनी माझी पत्नी तिला भेटावयास गेली, आणि नकारामागचे कारण कळले. पूर्वी ते कुटुंब दुसऱ्या गावी राहत असताना पतीच्या निधनानंतर तेथील मंडळीने त्यांना मदत केली होती. परंतु ती रक्कम देणाऱ्यांच्या नावांसह उपासनेत वाचून दाखविण्यात आली. पुढे वर्षभर मुलीने नवा फ्रॉक घातला तरी कोणी ना कोणी बोलून दाखवी. आपल्या मराठीत याला नेमका शब्द आहे: मिंधेपणा. ती माता साहाय्याला नको म्हणत नव्हती. ती मिंधेपणाला नको म्हणत होती.

तेव्हा मला उमगले की दोष पाण्यातल्या मनुष्याचा नव्हता, बोटीचा होता. तिने हिसका दिला होता. मागे वळून पाहणारा कोणी तिच्यात नव्हता. सारे किनाऱ्यावरच्या टाळ्यांकडे पाहत होते. आपण देणारे लोक किती सहज हे विसरतो! साहाय्य देताना वेग आपण ठरवितो, दिशा आपण ठरवितो, आणि पडला तर "आम्ही इतके करूनही" असे म्हणतो. या खेळात खेळाडू पडला की चालकाने रागवायचे नसते. वेग कमी करून, वळसा घालून, दोर पुन्हा त्याच्या हाताशी आणून द्यायचा असतो. जवळ आल्यावर इंजिन बंद करायचे असते, कारण बोटीखालचा फिरता पंखा पाण्यातल्या मनुष्याचे अंग कापू शकतो. ज्या बळाने आपण कोणाला वर काढतो तेच बळ, निष्काळजीपणाने जवळ नेले तर, त्याला जखमी करते.

आणखी एक नियम आहे. पडताना दांडी सोडून द्यावी. जो हट्टाने धरून राहतो तो पाण्याखाली ओढला जातो. दोर कधी धरावा याइतकेच तो कधी सोडावा हेही शिकले पाहिजे. जी मदत मनुष्याला सुटण्याचे स्वातंत्र्य ठेवीत नाही, ती मदत राहत नाही, बंधन होते.

आणि "आपलेच बळ ते किती" या शंकेचे काय? करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात पौल मासेदोनियातील मंडळ्यांचा दाखला देतो. त्या अत्यंत दरिद्री होत्या, तरी त्यांनी आपल्या शक्तीपलीकडे दिले. त्याच अध्यायात पुढे तो दानाचा हेतू सांगतो, आणि तो हेतू उपकार करण्याचा नाही. आज तुमच्याजवळ आहे ते त्यांची उणीव भरून काढो, उद्या त्यांच्याजवळ असेल ते तुमची. अशा रीतीने समानता व्हावी, असे तो म्हणतो. लहान इंजिनाची बोट कोणाला ओढू शकत नाही, असे नाही. तिने स्वतःवरचा फालतू भार उतरवावा, धीर धरावा, सरळ जावे, आणि पाण्यातल्या मनुष्यावर विश्वास ठेवावा.

पुढच्या बैठकीपूर्वी आम्ही दोघे पुन्हा त्या भगिनीकडे गेलो. या वेळी आम्ही आधी क्षमा मागितली आणि मग विचारले, "ताई, कसे करावे ते तुम्हीच सांगा." त्या बराच वेळ गप्प होत्या. मग त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या. फी अर्धी आम्ही भरावी, अर्धी त्या भरतील. कोणाचे नाव कोठेही वाचले जाऊ नये. आणि मुलगी नोकरीला लागल्यावर तितकीच रक्कम मंडळीतील दुसऱ्या एखाद्या मुलासाठी देईल. ती कोणी नाकारू नये. आम्ही तिन्ही गोष्टी मान्य केल्या.

गालील समुद्रावर बुडू लागलेल्या पेत्राला प्रभूने हात दिला, हे आपण मत्तयाच्या चौदाव्या अध्यायात वाचतो. हात धरून दोघे बोटीपर्यंत आले. पेत्र किती पावले स्वतः चालला आणि किती पावले प्रभूने त्याला नेले, याचा हिशेब शुभवर्तमानकाराने ठेवलेला नाही. आपणही तो ठेवू नये.

आमच्या वसाहतीचे नाव समता आहे. तेथे वर्षानुवर्षे राहूनही त्या शब्दाचा विचार मी फारसा केला नव्हता. आज घराबाहेरच्या पाटीवर तो वाचताना पौलाची समानता आठवते, आणि भाच्याच्या तळहातांवरचे फोडही.