रूढी आणि प्रयोजन

वडिलोपार्जित रीत पाळणे म्हणजेच धर्माचरण होय काय, असा प्रश्न साधकाच्या मनात केव्हा तरी उद्भवतोच. ती अश्रद्धा समजून हा प्रश्न दडपू नये. आपल्या पूर्वाचार्यांनीही तो टाळलेला नाही.

तेराव्या शतकात शास्त्र संस्कृतातच लिहावे, ही विद्वन्मान्य रूढी होती. केशिराजबास तर संस्कृतात पारंगत. तथापि आचार्य श्रीनागदेवांनी त्यांना मराठीकडे वळविले. संस्कृत ग्रंथांमुळे पंथातील म्हाताऱ्या ज्ञानाला वंचित होतील, ही त्यांची चिंता होती. स्मृतिस्थळात हा प्रसंग आला आहे. म्हणजे येथे रूढी मोडली ती सोयीसाठी नव्हे, करुणेपोटी.

पुढे चौदाव्या शतकात रवळोबासांनी सकळ लिपी सिद्ध केली, असे परंपरा सांगते. देवनागरीतील एका अक्षराच्या जागी दुसरे योजावयाचे, ही तिची रीत. शास्त्राचे रक्षण व्हावे, अनधिकाऱ्याच्या हाती ते पडू नये, हे तिचे प्रयोजन. ग्रंथ सुरक्षित राहिले, हा तिचा मोठाच उपकार. परंतु ग्रंथ मिटलेले राहिल्याने पंथाविषयी नाना गैरसमजही पसरले. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाडे यांनी या लिपीचा उलगडा प्रसिद्ध केला, तेव्हा कोठे महाराष्ट्राला या वाङ्मयाची खरी ओळख झाली.

सुमारे तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. एका वृद्ध वासनिक मातेने घरातील पूजेची पोथी प्रस्तुत लेखकापुढे ठेवली. तीन पिढ्या तिला गंधफूल वाहिले जात होते. वाचणारा मात्र कोणी उरला नव्हता. “बाबा, यात काय लिहिले आहे?” एवढेच तिने विचारले. “तो आपला अधिकार नव्हे,” असे आम्ही उत्तर दिले. तिने मुकाट्याने दंडवत घातला आणि पोथी पुन्हा वस्त्रात बांधली. त्या उत्तरात रूढी होती, प्रयोजन नव्हते. ज्या म्हाताऱ्यांसाठी आचार्यांनी भाषा बदलविली, त्यांपैकीच एकीला आम्ही रिक्तहस्ते परतविले. हे शल्य आजही जात नाही.

याचा अर्थ जुने ते सारे टाकावे, असा नव्हे. सकळ लिपी शिकलीच पाहिजे. अन्यथा असंख्य पोथ्या मुक्या होतील. टाकावयाचे ते केवळ दार लावून घेणे. रूढीला प्रयोजन विचारावे. आणि विचारणाऱ्याने स्वतःलाही विचारावे की, हा प्रश्न आळसातून आला की करुणेतून?

सुज्ञांनी विचार करावा. दंडवत प्रणाम.