मुलाखतीच्या दारातले भय

आपल्या घरी मुलाखतीचे पत्र येते, तेव्हा आनंदाच्या पाठोपाठ भीतीही येते. मुलीने पदवी घेतलेली असते, विषय तिला येत असतो. पण चार अनोळखी साहेबांसमोर बसायचे म्हटले की घशाला कोरड पडते, तळहातांना घाम सुटतो. आईने बावीस प्रतिज्ञा घेऊन देव्हारा रिकामा केलेला असतो, तरी अशा वेळी तिला जुना नवस आठवतो. बाप म्हणतो, "घाबरू नको, पोरी." पण घाबरू नये म्हणजे नेमके काय करावे, हे त्यालाही कोणी सांगितलेले नसते.

धम्मबंधूंनो आणि भगिनींनो, हा प्रश्न केवळ नोकरीचा नाही, तो धम्माचाही आहे. आत्मविश्वास हा त्या दिवसापुरता चढवायचा मुखवटा आहे, की रोजच्या आचरणाचे फळ?

आधी भयाचे मूळ पाहू. परीक्षेपुढे छाती धडधडणे हा शरीराचा धर्म आहे. ती सर्वांचीच धडधडते. पण आपल्या भयाला दुसरा एक थर आहे. ज्यांच्या आजोबांना उंबऱ्याबाहेर उभे राहून, मान खाली घालून बोलावे लागले, त्यांच्या नातवाला साहेबाच्या खोलीचे दार ढकलताना हात जड वाटला, तर तो त्याचा दोष नव्हे. त्याला भित्रा म्हणणे हा अन्याय आहे. मात्र दोष नसला तरी ते ओझे आयुष्यभर वाहण्याचे कारणही नाही.

सभेपुढे वाटणाऱ्या या संकोचाला पालीत 'सारज्ज' असा शब्द आहे आणि त्याच्या उलट जी निर्भयता, तिला 'वेसारज्ज'. अंगुत्तर निकायात तथागतांनी निर्भयता देणारे पाच गुण सांगितले आहेत: श्रद्धा, शील, बहुश्रुतता, वीर्य आणि प्रज्ञा. हे पाचही गुण कमवावे लागतात. जन्माने किंवा नवसाने ते मिळत नाहीत. श्रद्धा म्हणजे डोळस विश्वास, आपणही शिकून वर येऊ शकतो हा. बहुश्रुतता म्हणजे पुष्कळ ऐकलेले, वाचलेले, ध्यानात ठेवलेले. वीर्य म्हणजे नेटाचा प्रयत्न. प्रज्ञा म्हणजे काय येते आणि काय येत नाही, हे स्वच्छ ओळखणे. न येणाऱ्या प्रश्नाला "हे मला माहीत नाही, साहेब" असे जो शांतपणे म्हणू शकतो, त्याची अर्धी भीती तेथेच संपते.

आणि शील? पाटलीग्रामच्या उपासकांना भगवंतांनी शीलाचे फायदे सांगितले. त्यांतला एक असा की शीलवान मनुष्य क्षत्रियांच्या, ब्राह्मणांच्या, गृहस्थांच्या किंवा श्रमणांच्या, कोणत्याही सभेत न बिचकता जातो. मुलाखत ही अशीच एक सभा आहे. ज्याच्या अर्जात खोटे नाही, त्याला पकडले जाण्याची धास्ती नाही.

तरी भय आलेच तर काय करावे? भयभेरव सुत्तात भगवंत स्वतःचा अनुभव सांगतात. संबोधीपूर्वी ते रात्री अरण्यात राहत. चालत असताना भय आले, तर ते चालतच राहत. बसलेले असताना आले, तर बसूनच राहत. भय ओसरेपर्यंत स्थिती बदलत नसत. आपल्या मुलांनी एवढेच करावे. जीभ अडखळली तर बसल्या जागी श्वासाकडे लक्ष द्यावे, एक श्वास पुरता सोडावा, आणि वाक्य पुन्हा सावकाश सुरू करावे.

आता सर्वांत अवघड गोष्ट. "गाव कोणते? आडनाव हेच का?" असे विचारले जाते तेव्हा प्रश्नामागचा प्रश्न आपल्याला कळतो. अशा वेळी स्वतःला लपवावे काय? १९१७ साली बाबासाहेब परदेशी शिक्षण घेऊन बडोद्याला नोकरीसाठी आले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळाली नाही. एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव लावून राहावे लागले, आणि अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. ही हकीकत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. म्हणून पोटासाठी कोणी नाव लपवले, तर त्याला आपण नावे ठेवू नयेत. लाज विचारणाऱ्याने बाळगावी. पण हेही पाहा की लपविलेल्या नावाखाली बाबासाहेबांनाही स्वस्थता लाभली नाही. त्यांनीच १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात आपल्याला उघडपणे उच्चारण्यासारखी ओळख दिली. १९९० साली कायद्यात दुरुस्ती होऊन अनुसूचित जातींच्या केंद्रीय सवलती बौद्धांनाही लागू झाल्या. न विचारलेले सांगत बसण्याची गरज नाही. पण विचारले तर "मी बौद्ध आहे" हे तीन शब्द मान वर करून म्हणावेत. खोट्याच्या आधाराने मिळालेल्या खुर्चीवर आपल्याबरोबर भीतीही बसते.

एवढे करूनही निवड होईलच असे नाही. मंडळात पूर्वग्रह असू शकतो, जागा थोड्या असतात. जेथे अन्याय दिसेल तेथे दाद मागावी; पण निकालाला आपल्या योग्यतेचे माप समजू नये. मुलगी हात हलवत परत आली, तर दारातच "काय झालं?" म्हणून तिला गाठू नका. आधी पाणी द्या, जेवू घाला. कोणते प्रश्न विचारले, ते मग शांतपणे लिहून ठेवा. पुढच्या मुलाला ते उपयोगी पडतील.

रविवारी वंदनेनंतर विहारात अर्धा तास यासाठी काढता येईल. नोकरीत असलेल्या दोघातिघांनी टेबलामागे बसावे, मुलांनी एकेक करून समोर यावे, नाव सांगावे, उत्तरे द्यावीत. म्हाताऱ्या आयांनीही ते ऐकावे. ज्या मुलाचा आवाज आपल्या माणसांत दहा वेळा मोकळा झाला, तो परक्यांत अकराव्या वेळी सहसा अडत नाही. नवसाचा नारळ जे देऊ शकत नव्हता, ते हे देईल.

जय भीम!