शिटी वाजवणाऱ्याचं पाप

आमचा धाराशिव जिल्हा खो-खोचा आणि कुस्तीचा. इथल्या सारिका काळेला 2020 साली खो-खोसाठी अर्जुन पुरस्कार मिळाला, तेव्हा जणू आपणच खांबाला वळसा घालून आलो अशा थाटात आम्ही पेढे खाल्ले. फुटबॉल मात्र आम्ही विश्वचषकापुरता, शेजारच्या अण्णांच्या टीव्हीवर, रात्री जागून पाहतो. ऑफसाइड म्हणजे काय, हे आमच्या गल्लीत कोणालाही नीट सांगता येत नाही. पण पंचाला शिव्या द्यायला खेळ कळलाच पाहिजे असं थोडंच आहे! शिटी वाजली की अण्णा सातासमुद्रापलीकडच्या त्या पंचाचं सारं कूळ उद्धरतात, आणि आतून काकू ओरडतात, "अहो, पोरं जागी आहेत!"

गंमत बघा. पाच जण पारावर बसले तर त्यांच्या मुखी परमेश्वर असतो. एकटा माणूस शिटी घेऊन मैदानात उतरला, की तो आंधळा, विकला गेलेला आणि समोरच्या संघाचा मेहुणा ठरतो.

यावर उतारा म्हणून कॅमेरा आला. 22 जून 1986 रोजी मॅराडोनाने इंग्लंडविरुद्ध हाताने गोल केला. तो साऱ्या जगाला टीव्हीवर दिसला. दिसला नाही फक्त पंच अली बेन्नासूर यांना. पुढे 2018 च्या विश्वचषकात व्हिडिओ पंच आले. आता भांडण संपलं, असं आम्हाला वाटलं. पण त्याच स्पर्धेच्या अंतिम सामन्यात क्रोएशियाच्या पेरिसिचच्या हाताला चेंडू लागला, पंचाने पडद्यावर पुन्हा पुन्हा पाहून फ्रान्सला पेनल्टी दिली, आणि वाद सुरूच राहिला. हात लागला हे कॅमेरा दाखवतो. मुद्दाम लावला का, हे कोणी दाखवायचं?

आमच्या कुस्तीतही तेच. नोव्हेंबर 2023 मध्ये धाराशिवला महाराष्ट्र केसरी स्पर्धा भरली. शिवराज राक्षे जिंकला आणि आम्ही टाळ्या पिटल्या. तोच राक्षे फेब्रुवारी 2025 मध्ये अहिल्यानगरला पृथ्वीराज मोहोळविरुद्ध चितपट ठरला. खांदे टेकलेच नाहीत, चित्रीकरण पाहा, असा त्याचा आग्रह. तो मानला गेला नाही, आणि त्याने पंचांना लाथ मारली. तीन वर्षांची बंदी जाहीर झाली. गल्लीत दोन तट पडले. खांदे टेकले की नाही, यावर चहाचे कितीतरी कप रिकामे झाले. पण खांदे टेकले नसतील तर लाथ बरोबर ठरते का, हे कोणी विचारेना. मीही नाही.

कारण मला माझी शिटी आठवत होती.

फार वर्षांपूर्वी एका शाळेच्या खो-खो सामन्यात पंच मिळेना, म्हणून मला उभं केलं. शेवटचं मिनिट. एका पोराने सूर मारला, धुरळा उडाला आणि मी शिटी फुंकली : बाद! झालं! "मास्तर, चष्मा बदला!" इथपासून माझ्या वाडवडिलांपर्यंत सगळं निघालं. तेवढ्यात तोच सूर मारलेला पोरगा गुडघे झटकत जवळ आला आणि हळूच म्हणाला, "सर, माझा हात लागला नव्हता."

आता निर्णय फिरवायला काय हरकत होती? पण समोरून शिव्या येत होत्या. आता फिरवला तर घाबरला म्हणतील! मी छाती काढून म्हणालो, "पंचाचा निर्णय अंतिम असतो." पोरगा खाली मान घालून गेला. त्याचा संघ जिंकला. तो काही हसला नाही.

तेव्हा कळलं, शिवी पंचाला सुधारत नाही, हट्टी करते. कॅमेऱ्याचा मला दिसणारा मोठेपणा म्हणजे, भरलेल्या मैदानासमोर पंचाला पडद्यापाशी जाऊन आपला निर्णय बदलता येतो आणि त्यात त्याची अब्रू जात नाही. माझ्यापाशी तर बोलणारा कॅमेराच आला होता. मी त्याला परत पाठवलं.

हल्ली अण्णा पंचावर घसरले की मी दबक्या आवाजात म्हणतो, "चुकलं असेल हो बिचाऱ्याचं."

अण्णा टीव्हीवरची नजर न काढता म्हणतात, "तुम्ही गप बसा. तुम्हाला काय कळतंय पंचगिरीतलं!"