मुलाचे नाव फ्रेडरिक

बाप्तिस्म्याच्या वेळी पाळक बालकाचे नाव विचारतात, आणि मोलमजुरी करणारा बाप मोठ्या उमेदीने सांगतो, "फ्रेडरिक." औरंगाबाद, म्हणजे आताचे छत्रपती संभाजीनगर, ह्याच्या आसपासच्या मंडळ्यांत विलायती नावे नवलाची नाहीत. त्या बापास हसणे सोपे आहे. परंतु ज्याच्या वडिलांस गावाने जन्मभर धोंड्या, केऱ्या अशी हाक मारिली, त्यास मुलासाठी असे नाव का हवेसे वाटते, हे हसणाऱ्याने आधी समजून घ्यावे. धोंडू, केरू ही नावे आयांनी दृष्ट लागू नये म्हणून मायेनेच ठेविलेली असत. तुच्छता मिळविली ती गावाने. ज्या नावात जात सापडत नाही, ते त्या बापास ढालीसारखे वाटते.

तथापि ते नाव ख्रिस्ती म्हणून घेतले, असे तो म्हणेल तर ती चूक होय. नाव जर्मन लोकांचे. मूळ रूप फ्रीडरिख. पूर्वार्धाचा अर्थ शांती, उत्तरार्धाचा अधिपती. हे शब्द त्या लोकांस सुवार्ता कळण्यापूर्वीचे. ख्रिस्ती झाल्यावर त्यांनी अशी जुनी नावे टाकून दिली नाहीत. मग आपणच का टाकावी? नारायण वामन टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला व नाव तेच ठेविले. औरंगाबादेस चर्च मिशनरी सोसायटीचे काम करणारे रेव्हरंड रतनजी नवरोजी हेही आपल्या पारशी नावानेच ओळखले गेले.

शिवाय अर्थ चांगला म्हणून मनुष्य चांगला निपजतो, असेही नाही. प्रशियाचा राजा दुसरा फ्रीडरिख 1740 साली गादीवर बसला आणि त्याच वर्षी शेजारच्या सायलेशिया प्रांतावर सैन्य घेऊन गेला. शांतीचा अधिपती तो हा! त्याच्याच मुलखात जन्मलेले मिशनरी ख्रिश्चन फ्रीडरिख श्वार्ट्झ 1750 साली हिंदुस्थानात आले. 1779 साली मद्रास सरकारने त्यांस सलोख्याच्या बोलण्यासाठी हैदरअलीकडे धाडिले. तंजावरच्या मराठा राजघराण्यातील सरफोजी ह्यांचा त्यांनी पुत्रवत सांभाळ केला. सरफोजी हिंदूच राहिले. पण 1798 साली श्वार्ट्झ वारल्यावर त्यांनी त्यांचे संगमरवरी स्मारक विलायतेतील फ्लॅक्समन नावाच्या शिल्पकाराकडून करवून तंजावरच्या ख्रिस्ती मंदिरात बसविले.

तेव्हा पाळकांनी त्या बापास अडवू नये. ह्या दोन्ही फ्रीडरिखांची हकीकत मात्र त्यास सांगावी. गावातील पोरे नावाचा "फेड्या" करतीलच, त्यास इलाज नाही. आणि आजीने "शांतवन" सुचविले असेल, तर बापाने त्याचाही विचार करावा. हाक मारताना तिची जीभ तरी अडखळणार नाही.